भूजलाचा शोध आणि मिलिव्होल्टचा हिशेब

धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या पठारावर आणि त्याच्या उतारावर वसलेला आहे. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या जिल्ह्यातून अथवा त्याच्या सीमेवरून वाहतात. तथापि उन्हाळ्याच्या तोंडी त्यांच्या पात्रांत वाळूच दिसू लागते आणि गावाचा सारा भार विहिरींवर व विंधन विहिरींवर येऊन पडतो. १९७२ चा दुष्काळ असो, की २०१२-१३ आणि २०१५-१६ ही अलीकडची टंचाईची वर्षे असोत, प्रत्येक वेळी गावोगाव एकच प्रश्न विचारला गेला: विंधन विहीर घ्यावी ती नेमकी कोठे?

या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, याचे कारण जिल्ह्याच्या पायाखालच्या खडकात आहे. येथे वाळूचे जाड, सलग थर नाहीत. लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला काळा पाषाण सर्वत्र आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे संशोधनासाठी जे खोल छिद्र घेण्यात आले, त्यात या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली. किल्लारी आज लातूर जिल्ह्यात असले, तरी १९८२ मध्ये तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. एवढ्या जाडीच्या पाषाणात पाणी असते ते केवळ त्याच्या झिजलेल्या भागात, मांजऱ्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. पन्नास पावलांवर एका विहिरीला पाणी आणि दुसरी कोरडी, हा अनुभव येथील शेतकऱ्यांना नवा नाही.

अशा खडकात पाण्याचा माग काढण्यासाठी विद्युत रोधकता पद्धतीचा अवलंब केला जातो. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली आणि या पद्धतीने पाहणी करणारी पथके ग्रामीण भागात दिसू लागली. आज खाजगी सर्वेक्षकही अशी यंत्रे घेऊन शेतात येतात. यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटतो, त्यावरून खूण केली जाते आणि शेतकरी त्या खुणेवर कर्जाऊ पैसा लावतो. तो आकडा ज्या व्होल्टेजवरून काढलेला असतो, तेच चुकीचे मोजले गेले असेल तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणूनच हे मापन कसे बिघडते आणि बिघाड कसा शोधावा, याचा थोडा तपशीलवार विचार येथे केला आहे.

चार खुंट्यांचे गणित

पद्धत मुळात साधी आहे. एका सरळ रेषेत जमिनीत चार धातूच्या खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून विजेचा प्रवाह जमिनीत सोडावयाचा आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये निर्माण होणारे व्होल्टेज मोजावयाचे. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी आणि अमेरिकेत फ्रँक वेन्नर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या मांडण्या रूढ केल्या आणि आजही त्या त्यांच्याच नावांनी ओळखल्या जातात. वेन्नर मांडणीत चारही खुंट्यांमधील अंतर सारखे असते. या अंतरास दोनने व पायने गुणावे, येणाऱ्या संख्येस व्होल्टेजने गुणून प्रवाहाने भागावे, म्हणजे जमिनीची रोधकता ओहम-मीटरमध्ये मिळते. खुंट्या जसजशा दूर न्याव्यात तसतसा प्रवाह अधिक खोलवर पसरतो आणि अधिक खोलीची माहिती मिळते.

स्थूलमानाने सांगावयाचे तर ओलसर काळ्या मातीची रोधकता दहा ओहम-मीटरच्या आतबाहेर असते. पाणी धरलेल्या झिजलेल्या व भेगाळ पाषाणाची वीस ते पन्नासच्या दरम्यान आढळते. अभंग काळा पाषाण शंभराच्या पुढे जातो. यातील मधला पट्टा अरुंद आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. वाचनात चौथा हिस्सा चूक झाली, तरी आशादायक जागा सामान्य ठरते आणि सामान्य जागा आशादायक भासते.

आता मोजावयाचे व्होल्टेज किती लहान असते ते पाहू. समजा, खुंट्यांमधील अंतर २० मीटर आहे, प्रवाह १०० मिलिअँपिअर आहे आणि जमिनीची रोधकता ४० ओहम-मीटर आहे. आतल्या खुंट्यांमध्ये सुमारे ३१.८ मिलिव्होल्ट मिळतील. अंतर ५० मीटर केले तर हाच आकडा १२.७ वर येतो. त्यातच मे महिन्याच्या कोरड्या मुरमात प्रवाह १०० वरून २० मिलिअँपिअरपर्यंत घसरला, तर उरतात फक्त अडीच मिलिव्होल्ट. हातबत्तीच्या एका सेलच्या दाबाचा हा सहाशेवा हिस्सा झाला. ज्या खोलीची माहिती शेतकऱ्याला सर्वांत अधिक हवी असते, नेमकी तेथेच मापनाची वस्तू सर्वांत दुबळी होते.

दोष यंत्रात की बाहेर?

वाचने अस्थिर येऊ लागली की यंत्राची बटणे फिरविण्याकडे मनुष्याचा स्वाभाविक कल असतो. हा मार्ग बहुधा वेळ दवडणारा ठरतो. आधी दोष कोणत्या बाजूस आहे हे ठरवावे.

यासाठी खुंट्यांकडे जाणाऱ्या तारा यंत्रापासून सोडवाव्यात आणि व्होल्टेज मोजण्याची दोन टोके एका आखूड तारेने परस्परांस जोडावीत. आकडा शून्यावर स्थिर राहिला पाहिजे. तो तरीही नाचत असेल तर दोष यंत्रात, त्याच्या बॅटरीत किंवा जोडण्यांत आहे. गंज चढलेली पकड आणि उतरलेली बॅटरी ही दोन कारणे इतकी सामान्य आहेत, की त्यांची चौकशी सर्वांत शेवटी होते. शून्य बरोबर आले, तर दुसरी कसोटी घ्यावी. ज्याचे मूल्य पक्के ठाऊक आहे असा, उदाहरणार्थ १० ओहमचा, रोधक यंत्रास जोडून पाहावा. व्होल्टेजला प्रवाहाने भागून १० हाच आकडा यावयास हवा. असा रोधक पेटीत ठेवण्यास जागा लागत नाही. तरीही तो पुष्कळदा नसतो.

तिसरी कसोटी तारांची. प्रवाहाची एक खुंटी जमिनीतून उपटून कोरड्या लाकडी फळीवर ठेवावी, तार मात्र जशीच्या तशी पसरलेली असू द्यावी. या स्थितीत प्रवाह वाहता कामा नये. तो वाहत असेल, तर तारेचे आवरण कोठेतरी तडकले आहे आणि तेथून वीज जमिनीत गळत आहे. सकाळी दव पडलेल्या गवतात हा दोष उघड होतो आणि उन्हे वर आली की लपतो, त्यामुळे तो सापडणे अवघड जाते. ही कसोटी घेताना त्या खुंटीस कोणीही स्पर्श करू नये. प्रवाहाच्या तारांमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असू शकतो. पाहणी चालू असताना मुले व गुरे तारांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी पथकाची आहे.

या तिन्ही कसोट्यांना मिळून पाव तास पुरतो. त्या समाधानकारक ठरल्या, म्हणजे दोष जमिनीत किंवा भोवतालच्या परिसरात आहे, असे निश्चितपणे म्हणता येते.

जमिनीचे स्वतःचे व्होल्टेज

जमिनीत आपण प्रवाह सोडला नाही, तरी दोन खुंट्यांमध्ये थोडेफार व्होल्टेज असतेच. खडकातून झिरपणारे पाणी, क्षारांच्या प्रमाणातील फरक आणि खुद्द खुंटीच्या धातूवर ओल्या मातीत होणारी रासायनिक क्रिया, ही त्याची कारणे होत. याला स्वयं-विभव म्हणतात. ते काही मिलिव्होल्टपासून काही दशक मिलिव्होल्टपर्यंत असू शकते, म्हणजे मोजावयाच्या व्होल्टेजच्या तोडीस तोड.

वरच्या उदाहरणात खरे व्होल्टेज ३१.८ मिलिव्होल्ट होते. स्वयं-विभव ८ मिलिव्होल्ट आहे असे समजू. यंत्र ३९.८ दाखवील आणि त्यावरून रोधकता ५० ओहम-मीटर निघेल. प्रवाहाची दिशा उलटी केली तर खरे व्होल्टेज उणे होईल, स्वयं-विभव मात्र तसेच राहील. वाचन उणे २३.८ येईल आणि रोधकता ३० निघेल. जमीन तीच, खुंट्या त्याच. उत्तरे मात्र दोन, आणि खरे उत्तर ४० हे त्यांपैकी एकही नाही. ३० चा आकडा घेऊन उत्साहाने खूण करणारा आणि ५० पाहून मान हलविणारा असे दोन सर्वेक्षक एकाच शेतात भेटले, तर शेतकऱ्याने कोणावर विश्वास ठेवावा? पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ आणि घाईने वापरलेले यंत्र यांत अशा वेळी फारसे अंतर उरत नाही.

यावरचा उपाय वरच्या आकड्यांतच आहे. दोन्ही दिशांनी वाचने घेऊन त्यांतील फरकाचे निम्मे करावे. ३९.८ मधून उणे २३.८ वजा केले असता ६३.६ येतात, त्याचे निम्मे ३१.८. स्वयं-विभव आपोआप नाहीसे होते. ते हळूहळू सरकत असेल, तर सुलट, उलट आणि पुन्हा सुलट अशी तीन वाचने घ्यावीत आणि पहिल्या व तिसऱ्याची सरासरी दुसऱ्याबरोबर ताडावी. पुष्कळ नवी यंत्रे हे काम स्वतःच करतात. परंतु ती सुविधा चालू आहे की नाही, हे पाहण्याचे काम यंत्र करीत नाही.

स्वयं-विभव फारच अस्थिर असेल, तर व्होल्टेजच्या खुंट्या बदलाव्यात. पोलादी खुंटीऐवजी सच्छिद्र मातीच्या भांड्यात मोरचुदाचे संपृक्त द्रावण भरून त्यात तांब्याची कांडी बुडवितात. द्राक्षबागाईतदार ज्यापासून बोर्डो मिश्रण करतात तेच हे मोरचूद. अशा भांड्यात धातू आणि द्रावण यांच्यामधील व्होल्टेज स्थिर राहते आणि दोन सारख्या भांड्यांमध्ये ते परस्परांस छेदते.

कोरडा मुरूम

भूम, वाशी, तुळजापूर या भागांतील माळरानावर उन्हाळ्यात खुंटी ठोकली तर ती बसते, पण जमिनीशी तिचा विद्युत संबंध नीट जुळत नाही. प्रवाहाच्या खुंट्यांच्या बाबतीत याचा परिणाम प्रवाह कमी होण्यात होतो. व्होल्टेजच्या खुंट्यांच्या बाबतीत तो अधिक फसवा असतो. समजा, दोन्ही खुंट्यांच्या संपर्काचा रोध मिळून २० हजार ओहम आहे आणि व्होल्टेज मोजणाऱ्या यंत्राचा अंतर्गत रोध एक लाख ओहम आहे. खऱ्या व्होल्टेजचा सहावा हिस्सा संपर्कातच खर्ची पडतो आणि यंत्र तेवढे कमी दाखविते. आकडा स्थिर असतो, म्हणून संशयही येत नाही. यंत्राचा अंतर्गत रोध कित्येक दशलक्ष ओहम असेल तर ही चूक नगण्य होते. जुन्या काट्याच्या मीटरवर पाहणी करणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

खुंटीभोवती मिठाचे पाणी ओतणे हा रूढ उपाय होय. पाणी मात्र बेताने ओतावे. खुंट्या जवळजवळ असताना दोन खुंट्यांभोवतीची ओल एकमेकींस मिळाली, तर प्रवाहाला वरच्यावर वाट मिळते. एका खुंटीऐवजी हातभर अंतरावर दोन-तीन खुंट्या ठोकून त्या एकत्र जोडल्या, तर पाणी कमी लागते. टंचाईच्या गावात याचेही मोल आहे.

पंप, तारा आणि पन्नास आवर्तने

शिवारातून गेलेल्या वीजवाहिन्या आणि विहिरींवरील पंप हा मापनातील गोंगाटाचा सर्वांत मोठा स्रोत आहे. गोंगाट म्हणजे येथे कानांनी ऐकू येणारा आवाज नव्हे. हव्या असलेल्या व्होल्टेजवर स्वार होणारी नको असलेली चढउतार, असा त्याचा अर्थ. वीजवाहिनीचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो आणि जमिनीवर पसरलेल्या लांब तारांमध्ये त्याच गतीने व्होल्टेज उत्पन्न करतो. पंपाची अर्थिंग सदोष असेल तर काही प्रवाह थेट जमिनीतूनच फिरतो.

पहिला उपाय अंतराचा व दिशेचा. तारा वीजवाहिनीला समांतर न टाकता काटकोनात टाकाव्यात आणि प्रवाहाच्या तारा व्होल्टेजच्या तारांपासून दूर ठेवाव्यात. दुसरा उपाय वेळेचा, आणि तो फुकटचा आहे. कृषिपंपांना थ्रीफेज वीज ठराविक तासांतच मिळते आणि त्याचे वेळापत्रक गावातील प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असते. ते विचारून पाहणीची वेळ ठरविली, तर निम्मा गोंगाट टळतो. सौर पंपांच्या बाबतीत हे वेळापत्रक लागू पडत नाही. त्यांच्या नियंत्रकातून येणारा गोंगाट ५० आवर्तनांचा नसतो आणि भर दुपारी तो सर्वाधिक असतो. शेजारच्या शेतकऱ्यास विनंती करून पंप काही काळ बंद ठेवणे, हाच तेथे मार्ग.

तिसरा उपाय मोजण्याच्या पद्धतीत आहे. ५० आवर्तनांतील एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. त्यात व्होल्टेज जेवढे वर जाते तेवढेच खाली येते. म्हणून पूर्ण २०, ४० किंवा १०० मिलिसेकंदांची सरासरी घेतल्यास ही चढउतार रद्द होते. येथे अंकीय मापन-नोंद यंत्र वापरणाऱ्यांची एक फसगत संभवते. यंत्र सेकंदाला नेमकी ५० वाचने घेत असेल, तर प्रत्येक वाचन आवर्तनाच्या त्याच टप्प्यावर पडते. फिरत्या पंख्याचे छायाचित्र प्रत्येक फेऱ्याला एकदाच घ्यावे, म्हणजे पंखा थांबल्यासारखा दिसतो, तसाच हा प्रकार. गोंगाट नाहीसा झाल्याचा भास होतो. वास्तविक तो खऱ्या आकड्यात स्थिर चूक होऊन मिसळलेला असतो. वाचनांचा वेग ४९ ठेवला तर तोच गोंगाट सेकंदाला एकदा येणाऱ्या संथ लाटेच्या रूपाने दिसेल. जमिनीत अशी लाट नसते. वाचनांचा वेग बदलताच गोंगाटाचे रूप बदलले, तर दोष नोंदीच्या वेगात आहे असे समजावे.

अंकीय यंत्राची पायरी

अंकीय यंत्र व्होल्टेजची मोजणी पायऱ्यापायऱ्यांनी करते. बारा बिटांच्या यंत्रात ४०९६ पायऱ्या असतात. यंत्राचा पल्ला उणे १० ते अधिक १० व्होल्ट ठेवला, तर एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची होते. मग अडीच मिलिव्होल्टचे व्होल्टेज पहिल्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही. तोच पल्ला एकदशांश व्होल्टवर आणला, तर पायरी ०.०५ मिलिव्होल्टपेक्षा लहान होते. वाचने ठराविक मोजक्या आकड्यांवरच उड्या मारीत असतील, तर प्रथम पल्ला तपासावा. मात्र पल्ला इतकाही आखडू नये, की स्वयं-विभव मिळून वाचन पल्ल्याबाहेर जावे.

अनेक खुंट्या एकाच वेळी जोडणाऱ्या नव्या यंत्रांत रूपांतरक बहुधा एकच असतो आणि तो आळीपाळीने प्रत्येक खुंटीकडे वळतो. एखादी खुंटी जमिनीला नीट लागलेली नसेल, तर तिच्या खात्यावर आधीच्या खुंटीचे व्होल्टेज उमटू शकते. शेजारशेजारच्या दोन वाचनांत संशयास्पद साम्य दिसले, तर ती खुंटी मुद्दाम सोडवून पाहावी. वाचन तरीही तेच राहिले, तर ते त्या खुंटीचे नव्हते.

अर्थिंगविषयीही दक्षता हवी. यंत्र पंपाच्या स्टार्टर पेटीवर ठेवून किंवा तेथूनच वीज घेऊन चालविले, तर यंत्राला दोन ठिकाणी जमीन लाभते, एक खुंट्यांतून आणि दुसरी पेटीतून. या दोन जमिनींचे विभव सारखे नसते आणि त्यांतील फरक वाचनात शिरतो. शेतातील मापन बॅटरीवरच करावे.

सरासरीने काय साधते

गोंगाट दोन्ही बाजूंना झुकत असतो, म्हणून वाचने वाढवीत गेल्यास तो कमी होतो. चार वाचनांच्या सरासरीने तो निम्मा होतो, सोळा वाचनांनी चौथा हिस्सा उरतो. त्यापुढे श्रम वाढतात, लाभ घटतो. गळक्या तारेची, कोरड्या संपर्काची किंवा चुकीच्या पल्ल्याची चूक मात्र नेहमी एकाच बाजूला झुकते. हजार वाचनांच्या सरासरीनेही ती तसूभर हलत नाही. स्थिर आकडा म्हणजे बरोबर आकडा ही समजूत म्हणूनच घातक आहे. शेतात पुरलेली लोखंडी जलवाहिनी किंवा लोखंडी खांबांवरचे तारेचे कुंपण यांच्याजवळ घेतलेली वाचने अत्यंत स्थिर आणि अत्यंत चुकीची असू शकतात. धातूतून प्रवाह सहज निघून जातो, रोधकता कमी भासते आणि जेथे केवळ पाइप आहे तेथे पाण्याची खूण होते.

अशा चुकांना पकडणारी एक चांगली कसोटी आहे. प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या तारांची अदलाबदल करावी. व्होल्टेज आणि प्रवाह यांचे गुणोत्तर दोन्ही वेळा सारखे यावयास हवे. ते न आल्यास संपर्क, तारा किंवा गोंगाट यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे. पाइप आणि कुंपण मात्र याही कसोटीतून निसटतात, कारण त्यांच्या बाबतीत व्होल्टेज खरेच तेवढे असते. त्यांच्यासाठी शेतकऱ्याला विचारणे आणि रेषेची दिशा बदलून पुन्हा मोजणे, याला पर्याय नाही.

व्होल्टेज अचूक मोजले, तरी खडकाचा अर्थ लावण्याचे काम उरतेच. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारी तांबडी चिकण माती आणि नदीकाठची जाड काळी माती यांची रोधकता कमी असते, पण त्या विहिरीला फारसे पाणी देत नाहीत. भोवतालच्या विहिरींच्या कडांतून दिसणारे थर पाहिल्यावाचून केवळ आकड्यांवरून निर्णय घेऊ नये, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात ते याच कारणाने.

शेतातच दुहेरी लघुगणकी कागदावर वाचने उतरवीत जाण्याची जुनी पद्धत संगणकाच्या काळातही टिकवून ठेवण्याजोगी आहे. जमिनीतील थर बदलला तरी वक्ररेषा सावकाश वळते. एखादाच बिंदू उडी मारून बाहेर पडला, तर तो खडकाचा गुण नसून मापनाचा दोष असतो. पथक शेतात असताना तो दिसला, तर पाच मिनिटांत वाचन पुन्हा घेता येते. वहीत प्रत्येक वाचनापुढे प्रवाह, दोन्ही दिशांची व्होल्टेज, पंप चालू होता की बंद, आणि जवळची वीजवाहिनी किती अंतरावर होती, हे लिहावे. ही वही शेतकऱ्याने मागून पाहावी. तीत प्रवाहाची दिशा उलटवून घेतलेली वाचने नसतील, तर विंधन यंत्राची गाडी बोलाविण्यापूर्वी पाहणी पुन्हा करून घेण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.